भाषण नको, हातात ब्रश द्या

आपल्या मोहल्ल्यांत वर्षभर होणाऱ्या कार्यक्रमांची यादी एकदा डोळ्यांसमोर आणा. दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, स्पर्धा परीक्षांचं मार्गदर्शन, करिअर मेळावा, मुलींच्या शिक्षणावर व्याख्यान. हे सगळं हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण या यादीत पंचेचाळीस-पन्नास वर्षांची बाई कुठे आहे? ती शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते, नाहीतर आत चहा-नाश्त्याचं बघते. त्याच वयाचा पुरुष वर्गणी देतो आणि खुर्च्या मांडतो. त्यांच्यासाठी वेगळं काही ठेवलंच, तर ते आरोग्य शिबिर असतं. साखर तपासा, बीपी तपासा, डोळे तपासा. चाळिशी ओलांडली की माणसाचं फक्त शरीर उरतं आणि तेही दुरुस्तीपुरतं, असा आपला समज झालेला दिसतो.

मला हा आपल्या सामाजिक कामातला मोठा दोष वाटतो. घरातले निर्णय घेणारी, मुलीला पुढे शिकवायचं की नाही ते ठरवणारी, शाळेत आणि सरकारी कार्यालयात खेटे घालणारी पिढी हीच आहे. तिलाच जर वाटत असेल की ‘आता आपलं काय राहिलं’, तर तरुणांसाठी घेतलेली शंभर व्याख्यानं घराच्या उंबरठ्यावरच अडतात. या पिढीचा आत्मविश्वास भाषणं ऐकवून वाढत नाही. तिला चारचौघांत, उजेडात, स्वतःच्या हातांनी करायचं एखादं अवघड काम द्यावं लागतं. मी हे पाहिलंय, आणि थोडंफार स्वतःही अनुभवलंय.

साठ फूट भिंत, चौदा माणसं

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं घर आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्याजवळच्या शाळेची आवारभिंत रंगवायचं ठरलं. साठ फूट लांब, सहा फूट उंच. कुठल्या संस्थेचा निधी नव्हता. रंग, प्रायमर, ब्रश मिळून नऊ हजारांच्या आसपास खर्च आला, तो वर्गणीतून भागवला. काम करणारे आम्ही चौदा जण होतो. मोहल्ल्यातल्या नऊ बायका, पलीकडच्या गल्लीतल्या, रांगोळीसाठी गावात नाव असलेल्या दोन काकू, एक पेंटर चाचा, जिनिंग फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक फिटर आणि मी. मी सोडले तर सगळे चाळिशीच्या पुढचे. सर्वांत मोठ्या खाला सदुसष्ट वर्षांच्या. मी अडतीस वर्षांची, म्हणजे त्या उंबरठ्यावरच.

काय काढायचं यावर पहिल्याच दिवशी चर्चा झाली. दोघी-तिघींनी स्पष्ट सांगितलं, माणसांचे आणि जनावरांचे चेहरे आम्ही काढणार नाही. कुणी वाद घातला नाही. मग एकीने घरून क्रोशाचा जुना टेबलक्लॉथ आणला. चौकटी-चौकटींची वीण, त्यात फुलं आणि पानं. रांगोळीवाल्या काकूंनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, ही तर आमची ठिपक्यांची रांगोळीच आहे! खरंच होतं ते. क्रोशाची चौकट, रांगोळीचा ठिपका आणि माझ्या स्क्रीनवरचा पिक्सेल, तिन्हींचा हिशेब एकच. मोजायचं, भरायचं, सोडायचं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्याचा त्या कामात झालेला उपयोग एवढाच, की मी वीण मोजून आलेखाच्या कागदावर उतरवून दिली. तीन इंचांची एक चौकट धरली तर भिंतीवर आडव्या २४० आणि उभ्या २४, म्हणजे एकूण ५७६० चौकटी. प्रत्येकीला आपापल्या पट्ट्याचा छापील कागद दिला.

पेंटर चाचांबद्दल थोडं सांगायला हवं. एकेकाळी गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, चारही भाषा ते ब्रशने लिहायचे. मग फ्लेक्स आलं. एका रात्रीत छापून मिळणारा, स्वस्त, कुठल्याही रंगाचा. गावोगावच्या पेंटरांचं जे झालं तेच त्यांचं झालं. पुढे ते घरांना रंग देऊ लागले, नंतर तेही मुलाकडे सोपवून बसले. या भिंतीसाठी त्यांना बोलावलं तेव्हा आधी ते नाहीच म्हणाले. हात थरथरतो म्हणाले. पण भिंतीवर सूत मारायला दुसरं कुणी नव्हतं. चाचांनी दोरीला निळ लावली, एक टोक फिटरकाकांना धरायला दिलं, आणि पहिली सरळ रेघ उमटली. थरथरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

काम जोहरनंतर सुरू व्हायचं आणि असरच्या अजानला थांबायचं. बायकांना घरातून मोकळीक मिळते ती तेवढीच. सुरुवातीला त्या रस्त्याकडे पाठ करून, पदर आणि दुपट्टे पुढे ओढून काम करायच्या. भिंतीच्या खालच्या रांगाच भरायच्या, कारण वरच्या रांगांसाठी घोडीवर चढावं लागे आणि घोडीवर चढलं की सगळा रस्ता बघतो. चौथ्या-पाचव्या दिवशी फॉल-पिकोचं काम करणाऱ्या खाला वर चढल्या. चढल्या त्या काम अडलं होतं म्हणून. मग दुसरी चढली. मीही चढले. पंधरा वर्षं मी कोड लिहिते आहे. त्यातली एक ओळही माझ्या गावातल्या कुणी पाहिलेली नाही, आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा माइक बहुतेक वेळा बंदच असतो. त्या घोडीवर उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या प्रश्नांना मोठ्याने उत्तरं देताना माझा आवाज मला नवा वाटला.

दुसऱ्या आठवड्यात एक अडचण आली. जमीन उताराची होती आणि भिंतीचा वरचा काठ मात्र सपाट. त्यामुळे एका टोकाला भिंत पाच इंचांनी जास्त उंच भरत होती. माझ्या कागदावर सगळ्या चौकटी सारख्या, भिंतीवर मात्र खालची रांग वाकडी दिसू लागलेली. कागद बदलावा तर झालेलं काम पुसावं लागणार. माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉल-पिकोवाल्या खालांनी दूर उभं राहून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, “बेटा, कपडा तिरछा रहा तो तिरछापन मोड में डालते.” म्हणजे कापड तिरकं कापलं गेलं असेल तर तो तिरकेपणा दुमडीत घालवायचा. त्यांनी तळाला गडद रंगाची किनार सुचवली, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद होत जाणारी. आज ती किनार मुद्दाम काढल्यासारखी वाटते. तीस वर्षं साड्यांना फॉल लावताना कमावलेलं ज्ञान होतं ते. त्याला कुणी आजवर ज्ञान म्हटलं नव्हतं, एवढंच.

शेवटच्या दिवशी कोपऱ्यात नावं लिहायची होती. चाचा ब्रश घेऊन बसले आणि एकेकीला विचारू लागले, तुमचं नाव काय? तीस वर्षांच्या शेजारणी, पण त्यांना कुणाचंही नाव माहीत नव्हतं. सगळ्या अमक्याची अम्मी, तमक्याची खाला. दोघींनी आधी मुलाचंच नाव सांगितलं. मग थांबून, हसून, स्वतःचं सांगितलं. चौदा नावं मराठीत आणि उर्दूत लिहिली गेली.

विश्वास येतो कुठून?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली एक सिद्धांत मांडला. ‘हे मला जमेल’ ही भावना माणसात कशी तयार होते, हा त्याचा विषय. त्यांनी चार वाटा सांगितल्या. पहिली, स्वतः एखादं काम पार पाडणं. दुसरी, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं. तिसरी, कुणीतरी आपल्याला पटवून देणं, धीर देणं. चौथी, त्या वेळची मनाची आणि शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, भीती, थकवा. यातली सर्वांत भक्कम वाट पहिली, असं बांडुरा म्हणतात. अडचण आली, ती सोडवली आणि काम उभं राहिलं, या अनुभवाची बरोबरी इतर कशाला येत नाही.

आता आपल्या चळवळींचा हिशेब करा. आपली जवळजवळ सगळी ताकद तिसऱ्या वाटेवर खर्च होते. व्यासपीठ, माइक, पाहुणे, ‘तुम्ही करू शकता’. ऐकणारी बाई घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी काही केलेलं नसल्यामुळे ते वाक्य विरून जातं. भिंतीवर पहिल्या दोन्ही वाटा आपोआप खुल्या झाल्या. खाला घोडीवर चढल्या ही पहिली, त्यांना पाहून दुसरी चढली ही दुसरी.

‘सगळ्यांसमोर’ हा भागही महत्त्वाचा आहे. आमच्या बायका क्रोशा घरात विणतातच, मेहंदी काढतातच. त्या कौशल्याला घराबाहेर जागा नाही. २००९ साली लंडनच्या ट्रफाल्गर चौकात शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी एक प्रयोग केला होता. एका रिकाम्या चौथऱ्यावर १०० दिवस, रात्रंदिवस, दर तासाला एक सामान्य माणूस उभा राहायचा. एकूण २४०० माणसं, सोडत काढून निवडलेली. राजे आणि सेनापती यांच्या पुतळ्यांच्या शेजारी साधा माणूस, ही कल्पना मला आवडते. तरी मला वाटतं की एका तासाचं एकट्याने उभं राहणं आणि तीन आठवडे सोबतीने राबणं यांत फरक आहे. आपल्या लोकांना दुसरं जास्त मानवतं. कामाच्या निमित्ताने उभं राहता येतं, ‘माझ्याकडे बघा’ असं म्हणावं लागत नाही.

वर्ध्याला हे नवं नाही

वर्ध्यात राहणाऱ्यांना तर हा विचार परका वाटायला नको. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. हातांच्या कामातून शिक्षण, ही कल्पना त्यांनी मांडली आणि तिचा अभ्यासक्रम आखण्यासाठी समिती नेमली गेली. त्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झाले ते. तेव्हा त्यांचं वय होतं चाळीस. ख्वाजा गुलाम सय्यदैन हेही समितीवर होते. आपल्या जिल्ह्याचं नाव देशाच्या शिक्षणाच्या इतिहासात ज्या योजनेमुळे गेलं, तिच्या घडणीत मुस्लिम शिक्षणतज्ज्ञांचा एवढा मोठा वाटा आहे. आपल्यातल्या किती मुलांना हे माहीत आहे?

हीच योजना पुढे नयी तालीम म्हणून ओळखली गेली. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी तिची कक्षा वाढवली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरतं हे शिक्षण न ठेवता ते जन्माआधीपासून मरेपर्यंतचं असावं, अशी मांडणी झाली आणि प्रौढांचं शिक्षण तिचा एक भाग बनलं. त्याच वर्षी शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. कला ही शिक्षणाची सजावट नसून पाया आहे, असं ते मानत.

सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीच्या भिंती नीट बघा. मातीत उठावाने काढलेली झाडं, मोर, चरखा. हे मीराबहन यांचं काम. त्या सेगावात राहायला आल्या तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. त्याच्या उभारणीसाठी गांधीजींनी नंदलाल बोस यांना बोलावलं. नंदबाबूंनी सांगितलं की मी चित्रकार आहे, मला वास्तुकलेतलं कळत नाही. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती, ते देशभर नावाजलेले होते, तरीही नव्या कामासमोर त्यांना शंका वाटली. पण ते आले आणि आसपास मिळणाऱ्या बांबू-गवतासारख्या साध्या साहित्यातून ती नगरी सजली. आमच्या पेंटर चाचांचा ‘नाही जमणार’ आणि नंदबाबूंचा ‘मला कळत नाही’ यांत मला फार अंतर दिसत नाही. फरक एवढाच की नंदबाबूंना कुणीतरी विश्वासाने बोलावलं. आपल्या मोहल्ल्यातल्या पन्नाशीच्या माणसाला सहसा कुणी बोलावत नाही.

धारावी आणि लँकेशायर

जवळच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर धारावीचं घ्या. १५ फेब्रुवारी ते ७ मार्च २०१५ असे तीन आठवडे तिथे ‘धारावी बिएनाले’ झालं. ‘स्नेहा’ या आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेने ते घडवलं. त्याआधी बराच काळ धारावीतल्या रहिवाशांच्या कार्यशाळा चालू होत्या आणि प्रदर्शनातल्या वस्तू त्यांतूनच तयार झाल्या. विषय आरोग्याचे, रोजच्या जगण्याचे. एका कार्यशाळेत बायकांनी कापड आणि दोरा वापरून धारावीचा नकाशा तयार केला आणि बायकांवर कुठे-कुठे हिंसा होते ते त्यावर दाखवलं. पोलीस ठाण्यात किंवा घरच्या बैठकीत जे बोलता येत नाही, ते सुईने सांगता आलं. बाई रोज जी सुई वापरते, तीच तिच्या साक्षीचं साधन झाली.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण आपल्या गिरणीवाल्या गावांना जवळचं वाटेल. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात ब्रायरफील्ड नावाचं गाव आहे. तिथल्या कापडगिरणीत गोऱ्या कामगारांबरोबर दक्षिण आशियातून गेलेल्या, मुख्यतः पाकिस्तानी कुटुंबांतल्या कामगारांनी आयुष्य काढलं. गिरणी बंद पडली आणि दोन्ही समाजांची रोजची भेटही संपली. २०१६ साली अमेरिकी कलावंत सुझॅन लेसी यांनी त्या रिकाम्या गिरणीत या लोकांना पुन्हा एकत्र आणलं. एका बाजूला तिथली जुनी सामूहिक गायनाची पद्धत, दुसऱ्या बाजूला सूफी जिक्र. दोघांनी एकमेकांचं शिकून घेतलं, आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र बसून जेवण केलं. पुलगाव आणि हिंगणघाटच्या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांच्या घरातलं घड्याळ चालायचं, त्यांना यात काय दडलंय ते वेगळं सांगायला नको.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप दीनचा. मी आलिमा नाही, त्यामुळे फतवा देण्याचा प्रश्नच नाही. सजीवांच्या चित्रांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ज्याला जे पटतं त्याचा मान राखला पाहिजे. पण ‘कला म्हणजेच चेहरा’ हे कुणी ठरवलं? सुलेखन, वेलबुट्टी, भूमिती, जाळी ही आपल्या परंपरेची श्रीमंती आहे. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यातली जाळी बघा. आपल्याच विदर्भात नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावर दगडात कोरलेली अक्षरं बघा. आमच्या भिंतीवर एकही चेहरा नाही, आणि तिच्यात काही कमी आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. पोरांना नोकऱ्या नाहीत, घरं भाड्याने मिळत नाहीत, रोज काहीतरी नवं ऐकायला मिळतं, आणि आपण भिंती रंगवायच्या? माझं उत्तर असं की हक्क कागदावर असतात, ते मागायला माणूस लागतो. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. तो छापून कपाटात ठेवणारे पुष्कळ भेटतील, पण कार्यालयाच्या टेबलासमोर उभं राहून ‘आमच्या गल्लीचं काय?’ असं विचारणारे मोजकेच. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आमच्या चौदा जणांतल्या एक बाई दोन वर्षं अशा समितीवर कागदोपत्री होत्या. घरी आलेल्या रजिस्टरवर सही करायच्या. भिंतीनंतरच्या बैठकीला त्या स्वतः गेल्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहात नळ का नाही, हे विचारून आल्या. नळ लागेल की नाही, ठाऊक नाही. प्रश्न मात्र आता इतिवृत्तात आहे.

परवानगीचंही तसंच. भिंतीवर ‘या, शिका’ हे शब्द मराठीत आणि त्यांखाली ‘आओ, सीखें’ उर्दूत लिहायचे होते. अर्ज दिला तेव्हा ‘उर्दू कशाला?’ असा प्रश्न आला. सुदैवाने उत्तर तयार होतं आणि तेही विदर्भातलंच. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या इमारतीवरच्या पाटीत मराठीबरोबर उर्दू होती, त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशु धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने ती पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच मातीत जन्मलेली भाषा आहे, हे निकालात स्वच्छ सांगितलं आहे. त्या निकालाची पानं मी छापून दिली, पण ती घेऊन आत जाऊन बोलल्या त्या आमच्यातल्या बावन्न वर्षांच्या एक बाजी. त्यांच्यासोबत रांगोळीवाल्या काकू होत्या. मी बाहेर बाकावर बसले होते. परवानगी मिळाली.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेते. असं काम सहज फोटोपुरतं होऊ शकतं. बाहेरून कलाकार येणार, चित्र तो ठरवणार, मोहल्ल्यातल्या बायका ब्रश हातात धरून फोटोला उभ्या राहणार आणि खाली नाव पुढाऱ्याचं. त्यातून कुणाचाही विश्वास वाढत नाही, उलट आपण शोभेचे आहोत ही भावना पक्की होते. म्हणून काय काढायचं हे कोण ठरवतं, अडचण कोण सोडवतं आणि शेवटी नाव कुणाचं लागतं, हे तीन प्रश्न आधी विचारून घ्यावेत.

तुम्ही काय करू शकता

हे वाचणारे बहुतेक जण वीस ते तीस वर्षांचे असतील. तुमच्याकडे फोन आहे, अर्ज लिहिण्याची भाषा आहे, धावपळ करण्याची ताकद आहे. तुमच्या आई-वडिलांच्या पिढीकडे हातातलं कसब आहे. या दोन गोष्टी एकत्र आणायच्या आहेत, आणि त्यात पुढची जागा त्यांची, मागची तुमची.

कामाचा विषय त्यांच्या कसबातून निघू द्या. कुणाला शिलाई येते, कुणाला क्रोशा, मेहंदी, सुतारकाम, वेल्डिंग, पाट्या लिहिणं. भिंतच हवी असं नाही. मोहल्ल्याच्या वाचनालयासाठी मोठी गोदडी चालेल, बसथांब्याचा बाक चालेल, कब्रस्तानाच्या फाटकाची जाळी चालेल. वेळ त्यांच्या दिवसानुसार ठरवा. रविवार सकाळ तुम्हाला सोयीची असते, त्यांना नसते. काम खरोखर अवघड असू द्या. सोपं काम देऊन केलेलं कौतुक मोठ्या माणसांना लगेच ओळखू येतं. अडचण आली की इंटरनेट उघडण्याआधी त्यांना विचारा आणि ते विचार करत असताना गप्प बसा. परवानगीचा अर्ज तुम्ही लिहा, पण घेऊन त्यांना जाऊ द्या. शेजारच्या गल्लीतल्या लोकांना सुरुवातीपासून बोलवा. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे म्हणून बोलावलं तर ते पाहुणेच राहतात. आणि काम संपलं की नावं लिहा. अमक्याची अम्मी असं नको, तिचं स्वतःचं नाव.

यातून सगळं बदलेल असा माझा दावा नाही. पेंटर चाचांना दोन दुकानांच्या पाट्यांचं काम मिळालं, पुढे मिळेलच असं नाही. नऊ बायकांपैकी तिघी आता पुन्हा घराबाहेर फारशा दिसत नाहीत. घरची परिस्थिती भिंतीने बदलत नाही. पण बाकीच्या सहा जणी दर गुरुवारी दुपारी भेटतात आणि गावातल्या दुसऱ्या एका भिंतीवर त्यांचा डोळा आहे. या वेळी आलेखाचा कागद मी देणार नाही, असं त्यांनीच मला कळवलंय. त्यांच्यातल्या एकीने नातवाकडून ते शिकून घेतलं आहे.

पुढचा कार्यक्रम ठरवायला बसाल तेव्हा वक्ता कोण बोलवायचा, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी घरी जा आणि अम्मीला, अब्बूंना, शेजारच्या खालांना विचारा की त्यांना काय-काय करता येतं. उत्तर ‘काही नाही’ असंच येईल. तेव्हा थोडा वेळ तिथेच बसून राहा आणि पुन्हा विचारा.